दिव्याभोवतीचं कडं

गेल्या आठवड्यात सकाळी आमच्या ह्यांनी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचून दाखवली. कुठेतरी शास्त्रज्ञ एक यंत्र तयार करताहेत म्हणे. सुई टोचायची नाही, रक्त काढायचं नाही. कातडीवर प्रकाशाची तिरीप सोडायची. आतल्या साखरेने तो प्रकाश घेतला की ती जागा किंचित तापते आणि तापताना इतका बारीक आवाज करते की माणसाच्या कानाला तो कळतच नाही. यंत्राला कळतो, आणि त्यावरून ते साखर सांगतं. हे जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत आले, त्यामुळे असलं काही वाचलं की कुणाला तरी समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. मी मेथी निवडत ऐकत होते. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "उजेड आणि आवाज. म्हणजे तुमच्या वहिनी करायच्या तेच की."

मी हातातली जुडी तशीच ताटात टाकली आणि आत गेले. माय जाऊन किती वर्षं झाली, मी स्वतः आजी झाले, तरी ह्या एका गोष्टीवरून माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो. होतो तर होतो. मी लपवत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर सोनपेठचं, गोदावरीकाठची काळी जमीन, शिक्षण दहावीपर्यंत, आणि बोलणं असं की ह्या बाईला सगळं आधीच ठाऊक आहे असं समोरच्याला वाटावं. ती लग्न होऊन आमच्या घरी आली आणि पुढच्याच वर्षी माझं लग्न होऊन मी परभणीला गेले. मी उंबरा ओलांडला आणि माझी जागा तिने घेतली. मायच्या केसांना तेल लावायला ती, मायच्या पायांच्या भेगांना मेण लावायला ती. आईला आम्ही मायच म्हणायचो. मी माहेरी गेले की माय माझ्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची आणि म्हणायची, "बस बाई, दमून आलीस." काही काम करायला उठले तर म्हणायची, "राहू दे, ती करील."

मायला साखर आहे हे मी सासरी गेल्यानंतर कळलं. पाण्याचे तांबेच्या तांबे रिते व्हायचे, अंग वाळत चाललं होतं आणि पायाला विळा लागला तर जखम भरेना. पाथरीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला परभणीला पाठवलं. ती माझ्याकडे उतरली. मी खूश होते, कारण चार दिवस माय माझी एकटीची होती. पण दवाखान्यात तिची शीर सापडेना. इथे टोचून बघ, तिथे टोचून बघ असं करता करता तिचा हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. गावाकडच्या एस.टी.त चढताना एवढंच म्हणाली, "मरण आलं तरी चालंल. पर आता सुई न्हाई." सुई टोचली दवाखान्याने आणि बदनाम झालं माझं घर. परभणीचं नाव काढलं की माय कोपर झाकून घ्यायची. गोळ्या घ्यायची, गोड सोडलं, पण परत माझ्याकडे राहायला आली नाही.

मग साखर कळायची कशी? इथे वहिनीचं फावलं.

आमचं गाव पाथरी आणि सोनपेठच्या मधलं, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. त्या दिवसांत लाईट आली तर आली, नाहीतर कंदील. एका संध्याकाळी माय कंदिलाकडे बघत म्हणाली, "दिव्याला कडं पडलंय गं." वहिनीने काच पुसली. कडं तसंच. मग तिने विचारलं, "केवढं?" माय म्हणाली, "बांगडीएवढं." एवढ्यावर थांबेल तर ती वहिनी कसली. ती रोज विचारायला लागली. तिच्या ध्यानात आलं की मायने कुणाच्या लग्नात बुंदी खाल्ली किंवा गोळ्या चुकवल्या, की कडं मोठं होतं. पथ्य नीट पाळलं की आक्रसतं. तिने मापंच ठरवून टाकली. तांदळाएवढं असलं तर ठीक. बांगडीएवढं झालं तर चहातली उरलीसुरली साखर बंद. ताटाएवढं झालं तर भाकरी निम्मी. परातीएवढं दिसलं तर दादाने गाडी जुंपून पाथरीला न्यायचं.

आणि आवाज. आमचं शेत घराला लागूनच होतं. जेवायच्या वेळी माय ओट्यावर उभी राहून दादाला हाक मारायची, "जेवाया ये रेऽऽ." तो शेवटचा 'रे' पार विहिरीपर्यंत जायचा. साखर चढली की मायचं तोंड कोरडं पडायचं आणि 'रे' मध्येच तुटायचा. वहिनी चुलीपुढून उठायचीसुद्धा नाही. भाकरी थापता थापता म्हणायची, "आत्याबाई, सकाळची गोळी इसरलाव का?" माय ओशाळून हसायची. सासूला आत्याबाई म्हणायची आमच्याकडे रीतच आहे, पण वहिनीच्या तोंडून तो शब्द असा यायचा की जणू मायवर तिचाच हक्क.

पाथरीच्या डॉक्टरांनी एकदा मायची लघवी तपासली. वहिनी आधीच म्हणाली होती, ताट. निघालंही तसंच. डॉक्टर हसून म्हणाले, असंच लक्ष ठेवा. झालं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. तिचं चुकायचंही बरं का. एकदा मायला नुसती सर्दी झाली होती, तर हिने आवाज बसलाय म्हणून दोन दिवस तिला निम्म्या भाकरीवर ठेवलं. पण चुकलेलं कुणी ध्यानात ठेवत नाही.

हे सगळं मला मायने सांगितलं नाही, दादाने नाही, वहिनीनेही नाही. मला ते एस.टी.त कळलं. मानवतच्या पुढे गावची एक बाई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तुमच्या वैनीला लय कळतंय बाई. सासूची हाक ऐकून साखर सांगायली. पोटची लेक बी एवढं करत न्हाई." तिच्या मनात काही नव्हतं. मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि पाथरी येईपर्यंत उसाकडे बघत बसले. माझी आई, जिच्या पोटात मी नऊ महिने काढले, तिच्या आवाजात मला काय ऐकू येत होतं? काहीच नाही. मला तो नुसता मायचा आवाज वाटायचा.

परभणीला परतले आणि ह्यांच्या मागे लागले. न टोचता साखर कळायची काही तरी शास्त्रशुद्ध रीत असेलच की. ह्यांनी औषधाच्या दुकानातून निळ्या द्रावणाची बाटली आणली, दोन काचेच्या नळ्या, एक चिमटा, एक स्पिरिटचा दिवा, आणि मला शिकवलं. नळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे मोजके थेंब टाकायचे आणि उकळायचं. साखर नसेल तर ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फार असेल तर विटेसारखं लाल. नळी उजेडाकडे धरायची आणि रंग बघायचा. कडं नाही, बांगडी नाही, अंदाजपंचे कारभार नाही. मी ते सगळं सामान लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलं आणि पुढच्या शनिवारी माहेर गाठलं.

मायने आधी कानांवर हात ठेवले. "लेकीनं मायचं मूत हातात घ्यायचं? पाप लागंल मला." मी ऐकलं नाही. शेवटी ती घरामागे गेली आणि वाटी पदराखाली झाकून घेऊन आली. मी ओट्यावर दिवा पेटवला. शेजारच्या बाया जमल्या. वहिनी दारात उभी. आदल्या संध्याकाळी तिने सांगितलं होतं, बांगडीएवढं, म्हणजे थोडीच जास्त. नळी खदखदली आणि बघता बघता हिरवी, पिवळी, नारिंगी होत लाल झाली. विटेसारखी.

मला धक्का बसायला हवा होता, आणि बसलाही. पण त्याच्या आधी मनात आलं, सापडली वहिनी.

मी रडले, भांडले, दादाला नाही नाही ते बोलले. तुम्ही माझ्या मायला मारायला निघालात, कंदिलाकडे बघून कुणी औषध देतं का, असं सगळं. मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पुढच्या खेपेला लाल आलं तर मी मायला परभणीला घेऊन जाणार. मोठा दवाखाना जवळ आहे, माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. मग ती माझ्याकडेच राहील." दादा मान खाली घालून बसला. वहिनी म्हणाली, "न्या की. आत्याबाईला इचारा." मायला विचारायला मी वळले तर ती म्हशीला पेंड टाकायला निघून गेली होती.

परभणीला आल्यावर मी मागच्या खोलीला चुना दिला, बाज विणून घेतली. ह्यांना म्हणाले, माय येणार आहे. दर महिन्याला नळ्या घेऊन गावी जायचे तेव्हा मला खरं तर लाल हवं असायचं. मायची साखर वाढावी असं नव्हे, देवा शपथ. पण लाल हवं असायचं.

आणि यायचं निळं. पुढच्या महिन्यात निळं, त्याच्या पुढच्या महिन्यात निळं. माय घरामागे जायची, वाटी घेऊन यायची, मी उकळायची, आणि आभाळासारखं निळंशार. आधी मी नाराज झाले. मग माझी मीच समजूत घातली की हा माझ्या पथ्याचा गुण. मीच तर मेथीचं पाणी सांगितलं होतं, मीच ज्वारीच्या भाकरीबरोबर गूळ बंद करायला लावला होता. परभणीत वाड्यातल्या बायांना मी सांगत सुटले की माझ्या आईची साखर मी आटोक्यात आणली. वहिनी मात्र आपलं तुणतुणं सोडेना. "काल ताटाएवढं व्हतं, वन्स. हाक बी तुटली." मी निळी नळी तिच्या नाकासमोर धरायची. ती मायकडे बघायची आणि गप्प बसायची. मला वाटायचं, हरली.

मग तो उन्हाळा आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या काळात मराठवाड्यात कधी बंद पुकारला जाईल आणि कधी एस.टी. थांबेल याचा भरवसा नसायचा. मी एका रात्रीसाठी म्हणून गेले आणि गावातच अडकले. वहिनीला पाचवा महिना होता. तिचं आधीचं बाळ सोनपेठला झालं होतं, चांगलं थोराड अंगाचं, पण ते रडलंच नाही. लोक म्हणाले दृष्ट लागली. या वेळी माय तिला जड उचलू देत नव्हती, उन्हात जाऊ देत नव्हती. वहिनीच्या पायाशी बसून तिला पंख्याने वारा घालायची. माहेरी झालेल्या माझ्या दोन्ही बाळंतपणांत माय सव्वा महिना माझ्याजवळ होती, पण असा वारा घातल्याचं मला काही आठवत नाही.

पहिल्या सकाळी मी नळी उकळली आणि ती पिवळी झाली. मग नारिंगी. मी वहिनीला हाक मारून दाखवली. तिचा चेहरा उतरला. मला तो हरल्याचा चेहरा वाटला. दुसऱ्या सकाळी परत नारिंगी, आदल्या दिवसापेक्षा गडद. मी मायची भाकरी निम्मी केली, चहा तोडला. माय मुकाट्याने खायची, आणि वहिनी तिच्या ताटात चोरून तुकडा सरकवायची. मी बघितलं आणि पेटले. म्हणाले, एस.टी. सुरू झाली की मी मायला घेऊन निघाले. माझी पिशवी काढून त्यात मायची दोन लुगडी घातली.

एस.टी. सुरू झाल्याचं दादाने येऊन सांगितलं तेव्हा माय दारात उभी होती. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण पाऊलही उचललं नाही.

"ते माझं न्हाई बाई," ती म्हणाली.

"काय तुझं नाही?"

"वाटीतलं. पयल्या बारीचं तेवढं माझं. त्याच्या पुढं समदं हिचं."

मला समजायला वेळ लागला. वहिनी खांबाला धरून उभी होती. माय जमिनीकडे बघत बोलत होती. "माझं लालच आलं असतं. मग तू नेलं असतंस. मला हितून हलायचं न्हाई. म्हनलं, तरण्या बाईचं हाय, त्यात कशाची साखर? तू बी खूश, मी बी हितंच. लेकीला वाटंला लावताना तिच्या वटीत दुःख घालू न्हाई."

"मी नको म्हणले व्हते, वन्स," वहिनी म्हणाली.

मला वाटतं मी तिला त्याच क्षणी मारलंसुद्धा असतं. ती नको म्हणाली होती की नव्हती याच्याशी मला काय करायचं होतं? दर महिन्याला त्या दोघी घरामागे जाऊन कुजबुजत होत्या, वाटी या हातातून त्या हातात जात होती, आणि मी बाहेर ओट्यावर दिवा पेटवून शास्त्र करत बसले होते. मायने मला फसवलं याचं मला तेवढं वाटलं नाही. ती सुईला भ्यायली असती तर तेही कळलं असतं. पण तिने माझ्या घरी राहायचं की वहिनीच्या, हे ठरवलं होतं, आणि ते मला न सांगता ठरवलं होतं. मी त्या दोघींकडे बघत उभी राहिले आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर आलं.

"मग हे नारिंगी कुणाचं?"

वहिनी दोन दिवस तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. मी बघत होते आणि मला वाटत होतं, उन्हाळा आहे. तिचा हात पोटावर गेला. आधीचं ते थोराड, न रडलेलं बाळ सगळ्यांनाच एकदम आठवलं असावं. मायने माझ्या पिशवीतून स्वतःची लुगडी काढली आणि वहिनीची घातली. माझ्या हातात पिशवी देताना म्हणाली, "हिला ने. आन् नीट परत आण."

तर मागची खोली अशी वापरात आली. चुना मायसाठी दिला, बाज मायसाठी विणली आणि तिच्यावर झोपली वहिनी. दवाखान्यात रक्त तपासलं, साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंत होईपर्यंत गावाकडे जायचं नाही, आणि सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यायचं. काचेची पिचकारी उकळायला मी, औषधाची बाटली माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवायला मी. मायची भाकरी निम्मी करून तिला धाकात ठेवणारी सोनपेठची वाघीण स्वतःची वेळ आली तेव्हा माझं मनगट घट्ट धरून डोळे मिटून घ्यायची. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, रोज दोन वेळा मला बरं वाटायचं.

रोज तिची नळी मी उकळायची आणि खिडकीशी नेऊन रंग बघायची. हळूहळू नारिंगीचं पिवळं झालं, पिवळ्याचं हिरवं. एकदा दुपारी मी चुलीशी होते आणि ती खोलीतून म्हणाली, "वन्स, ते हे... ते जरा..." एवढंच. मी वळूनही बघितलं नाही. डब्यातला गुळाचा खडा घेतला, आत गेले आणि तिच्या तोंडात घातला. ती घामाने निथळत होती, हात कापत होते. साखर उतरली होती, आणि मला ती आवाजावरूनच कळली होती. थोड्या वेळाने ती हसली आणि म्हणाली, "आता तुमचा बी कान तयार झाला बघा." तो कान मला मायसाठी हवा होता. आयुष्यात एका बाईचा आवाज मला कळायला लागला आणि ती निघाली वहिनी.

दादा बाजाराला म्हणून अधूनमधून परभणीला यायचा. मी विचारायची, माय कशी आहे? तो म्हणायचा, "बरी हाय." माझं तेवढ्यावर समाधान व्हायचं. वहिनी मात्र उठून बसायची आणि विचारायची, "हाक कशी मारायलेत? शेवटाला तुटती का?" दादा म्हणाला, "हाक कशाला? मीच वेळंवर येतो आता." वहिनीने त्या दिवशी अर्धीच भाकरी खाल्ली. मला नळ्या, चिमटे, रंग सगळं शिकवलं होतं, पण विचारायचं काय, ते तिलाच सुचलं होतं.

बाळ झालं. मुलगा, आणि जन्मला तोच असा ओरडला की डॉक्टरीणबाईही हसल्या. पाचवी झाली आणि माय आली. काळ्यानिळ्या झालेल्या हाताने गेली होती, त्यानंतर पहिल्यांदाच ती माझ्या घरात आली. मी इतकी वर्षं बोलावत होते तेव्हा आली नव्हती. आल्या आल्या तिने नातवाला नाकापाशी धरून हुंगलं, मग वहिनीच्या केसांवरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वाळलीस बाई." मला तेवढंसुद्धा पुरलं असतं.

संध्याकाळी लाईट गेली. मी त्यांच्या खोलीत कंदील लावून ठेवला आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात आले. मध्ये नुसता पडदा होता. चहाला उकळी येत होती आणि वहिनीचा हळू आवाज आला.

"आत्याबाई, कडं केवढं हाय?"

"परातीएवढं," माय म्हणाली.

"कवापास्नं?"

"तू गेलीस तवापास्नं वाढायलंय. आता तर दिवाच दिसंना, कडंच दिसतंय."

"वन्सला बोललाव का?"

"तिला कशाला? उगं जिवाला घोर लावून घील."

मी चुलीजवळ उभी होते. मला राग यायला हवा होता, पण मत्सराला रागाइतकीही जागा लागत नाही, तो कुठेही मावतो. माझं घर, माझी खोली, माझा कंदील, माझी आई, आणि खरं सांगायचं ते त्या बाजेवरच्या बाईला. मी तीन कप भरले. मायच्या कपात साखर घातली नाही. पडदा सारून आत गेले आणि उगीच, अगदी सहज म्हणून, विचारलं.

"माय, दिव्याला कडं केवढं दिसतं गं?"

वहिनीने मान खाली घालून बाळाचं टोपरं नीट केलं. माय कंदिलाकडे बघून हसली.

"तांदळाएवढं," ती म्हणाली. "त्याच्याहून बी बारीक."

आणि कप घ्यायला तिने हात पुढे केला, तो कपाच्या बाजूने गेला. मी तिचा हात धरला, कपावर ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं."